पेजवरची काकी

"उठा गो बायांनो, ऊन डोक्यार इला. अजून लोळतास काय?"

पद्मिनीकाकी हातात पाइप धरून चाफ्याच्या कलमांना झापत होती. मी शेडच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत मोबाइल घेऊन बसले होते. मला काही सुचत नव्हतं. वर हिरवी जाळी होती. तिच्यातून ऊन गाळून यायचं, आणि आतली रोपं, पिशव्या, काकी, काकीच्या पायातल्या निळ्या सपाता, सगळं एखाद्या तळ्याच्या तळाशी असल्यासारखं दिसायचं. त्यात सोनचाफ्याचा वास. सुरुवातीचे काही दिवस मला तिथे बसल्या बसल्या पेंग यायची.

कुडाळपासून थोडं आत, ओहोळाच्या काठाला परबांची ही रोपवाटिका होती. काकीच्या यजमानांनी ती सुरू केली आणि ते गेल्यावर काकीने चालवली. सोनचाफ्याचं कलम बांधावं तर काकीनेच, असं आमच्या भागात म्हणत. पण भागातली माणसं घेऊन घेऊन किती कलमं घेणार? म्हणून तिचा मुलगा हर्षद, जो पुण्याला नोकरीला होता, त्याने फेसबुकवर एक पेज उघडलं आणि ते सांभाळायला मला ठेवलं. मी नुकतीच कॉलेज संपवून घरी बसले होते. "रोज काहीतरी टाकत जा," एवढंच त्याने सांगितलं होतं.

मी टाकत होते. रोपाचा फोटो, खाली किंमत. ते बघायला यायच्या माझ्या दोन मावसबहिणी आणि खुद्द हर्षद.

त्या सकाळी मात्र कंटाळून मी काकी जे बोलत होती तेच साध्या मराठीत लिहिलं. 'उठा गं बायांनो, ऊन डोक्यावर आलं.' सोबत दव पडलेल्या पानांचा फोटो. आणि खाली सही केल्यासारखं, 'काकी.'

दुपारी जेवून आले तर पेजवर माणसांची झुंबड. कोणी डोंबिवलीहून लिहिलं होतं, 'काकी, माझ्या जास्वंदीलाही उठवा हो.' कोणी साताऱ्याहून, 'आज खूप दिवसांनी आईने हाक मारल्यासारखं वाटलं.'

मी काकीला वाचून दाखवलं. ती माती भरलेल्या पिशव्या लावत होती. "माका खंय ठाऊक ही माणसां?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "त्या जास्वंदीवाल्याक सांग, मुळात पाणी साचत असतला. कुंडी उचलून बघ म्हणावं."

असं ते सुरू झालं.

लोक कलमं मागवू लागले. त्याहून जास्त, लोक बोलू लागले. नवी पालवी आली की फोटो, किडा दिसला की फोटो, पहिली कळी धरली की घरातली सगळी माणसं कुंडीभोवती उभी करून फोटो. मी सकाळी पेज उघडायचे आणि एकेक खिडकी उघडत गेल्यासारखं व्हायचं. कुणाचा बारावा मजला, कुणाची चाळीतली गॅलरी, कुणाचं धुळीनं भरलेलं अंगण. सगळीकडे आमची कलमं उभी. मी कुडाळच्या पलीकडे फारशी कधी गेले नव्हते. पण डोळे मिटले की या सगळ्या घरांतून एकापाठोपाठ एक चालत गेल्याचा भास व्हायचा.

उत्तरं काकी द्यायची, लिहायचे मी. काकी म्हणायची, "पाणी कमी घाल म्हणावं." मी लिहायचे, 'बाळा, तुझी माया कळते, पण पाणी जरा हात राखून घाल.' एकदा तिने ते ऐकलं आणि खुरपं बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं.

"मी असा कधी बोललंय?"

"बोलूक नाय. पण मनात होता तुमच्या."

"माझ्या मनातला तुका बरा कळता," म्हणून ती हसली. त्यानंतर तिने कधी हरकत घेतली नाही. हळूहळू मी लहानसहान गोष्टी तिला विचारायचंही सोडलं. पेजवरची काकी तिच्यासारखी होती, पण तिच्याहून मऊ. खरी काकी कोणाला 'बाळा' म्हणाली असती तर तिची जीभ अडखळली असती.

प्रल्हाद ढाके यांचा पहिला निरोप श्रावणात आला. भुसावळचे. रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. त्यांनी लिहिलं होतं, 'काकी, माझी पत्नी इंदुमती तुमच्याच मुलखातली. मालवणकडची. इथे रेल्वेच्या इस्पितळात नर्स म्हणून आली आणि माझी झाली. आता तिला काही आठवत नाही. मलाही कधी कधी ओळखत नाही. पण माहेरच्या अंगणातला चाफा मात्र मधूनच शोधते. एक कलम पाठवाल का?'

काकीने स्वतः कलम निवडलं, कळ्या धरण्याच्या बेतात असलेलं. पिशवीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आणि पार्सलवाल्याला दोनदा बजावलं की आडवं ठेवू नको.

त्यानंतर ढाके रोज लिहू लागले. कलम नीट पोचलं. पानं तरारली. कळ्या दिसू लागल्या. मग मधेच, 'आज तिने माझ्या हातून जेवण घेतलं नाही.' मग परत कळ्यांबद्दल. मी उत्तर द्यायचे आणि ते उत्तर पोचलं की 'बरं वाटलं काकी' असं लिहून ते थांबायचे. दुपारच्या त्या हिरवट उजेडात, आजूबाजूला पाण्याचं टपटपणं चालू असताना, मला वाटायचं की मी खरंच कोणी साठीची बाई आहे, माझे हात मातीने फाटलेत आणि मला सगळं माहीत आहे.

भाद्रपदात एका दुपारी त्यांनी विचारलं, 'काकी, फूल उमललं की तिला वास येईल ना? ओळखेल ना ती?'

काकी खालच्या वाफ्यात तण काढत होती. मी हाक मारली असती तर आली असती. मी हाक मारली नाही. लिहिलं, 'येईल हो. चाफ्याचा वास माणूस कधी विसरत नाही.'

संध्याकाळी मी हे काकीला सांगितलं. मला वाटलं, ती नेहमीसारखी हसेल. ती हसली नाही. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "झाडाच्या वतीन वचन देणारी तू कोण गो?"

"त्यांना बरं वाटावं म्हणून..."

"आणि फूल नाय इला तर?"

त्या दिवशी मी निघताना तिने नेहमीसारखी चार फुलं माझ्या हातावर ठेवली नाहीत.

आणि झालं तसंच. घटस्थापना होऊन गेली होती. सकाळीच ढाक्यांचा निरोप आला. 'काकी, कळ्या गळल्या. सगळ्या. तिला झाड दिसावं म्हणून मी कुंडी आत तिच्या पलंगाशी आणली होती. माझं काही चुकलं का? ती आता उशीवरून डोकं उचलत नाही. तोंडात घातलेलं गिळत नाही. डॉक्टर म्हणतात, जवळच्यांना बोलवून घ्या.'

मी ते वाचून दाखवलं. काकीने पाइप बंद केला.

"खोलयेत नेल्यान? काळोखात? मगे कळ्यो गळतल्योच." ती हे रागाने म्हणाली नाही. "पण तसा सांगू नको तेंका. मायेन केल्यान."

"आपण इथून फुलं पाठवूया? रात्रीच्या गाडीने?"

"काळी पडतली. आज काढलेला फूल उद्याक फूल रवत नाय."

ओहोळापलीकडे कोणाचा तरी बैल हंबरत होता. मी त्या कलमांकडे बघत होते. प्रत्येकावर दोन-चार फुलं होतीच. पिवळी, निवांत, उगाच. इतकी फुलं डोळ्यांसमोर आणि भुसावळला एकही नाही.

मग काकी म्हणाली, "आपली झाडां खंय खंय गेली?"

"सगळीकडे. नाशिक, जळगाव, बऱ्हाणपूर..."

"मगे?" तिने माझ्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं. "ती सगळी माणसां हयसर आसत ना? की नुसता गुडमॉर्निंग म्हणूक येतत?"

मला कळायला क्षण लागला. मी टाइप करायला घेतलं, 'माझ्या बाळांनो...' आणि तिने माझा हात धरला.

"ह्या खेपेक तुझी साखर नको. मी सांगतंय तसा लिव."

आधी आम्ही ढाक्यांना विचारलं. घराचा पत्ता लोकांना दिला तर चालेल का? बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'कोण कशाला येईल काकी, अनोळखी घरी? पण द्या. दार उघडं ठेवतो.'

मग पेजवर काकी पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या तोंडून बोलली.

'मी पद्मिनी परब बोलतंय. भुसावळात एक बायलमाणूस आजारी आसा. आमच्या मुलखातली. तिका सोनचाफो व्हयो. आमचा झाड तिच्याकडे फुलूक नाय. तुमच्याकडे फुलला असात तर दोन फुलां नेवन देवा. कोणाच्या हातान धाडू नको. आपण जावा.'

ते वाक्य मला खटकलं होतं. "काकी, आपण जावा कशाला? कोणाबरोबर पाठवलं तर चालेल की."

"लिव," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत पेज नुसतं गुणगुणत होतं. 'काकी, मी जळगावात आहे, माझ्याकडे पाच फुलं आहेत.' 'मी चाळीसगावला पोलिसात आहे, उद्या सुट्टी काढते.' 'काकी, आमचं बऱ्हाणपुरात एकच उमललंय. एक चालेल का?' नाशिकच्या एका शिक्षिकेने ओल्या रुमालात गुंडाळलेली फुलं आणि रेल्वेच्या खिडकीबाहेर पळणारी शेतं यांचा फोटो टाकला. ज्यांच्याकडे फुलं नव्हती ते नुसतेच जागेवरून विचारत राहिले, पोचलात का, कुठवर आलात. मला वाटलं, एक भलीमोठी वरात निघालीय, दिसत नाही, वाजत नाही, पण चारी वाटांनी एका घराकडे चाललीय.

आणि मग शांतता. जे गेले त्यांनी काही लिहिलं नाही. ढाक्यांनीही नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. मी पेज उघडायचे आणि मिटायचे. लोक विचारत होते, 'काकी, काय झालं?' आणि काकी मला विचारत होती. माझ्या मनात एकच यायचं, की माणसं पोचेपर्यंत उशीर झाला असणार. आणि त्या घरात, चाफ्याच्या वासात, कोणीतरी मोठ्याने रडत असणार.

चौथ्या दिवशी नर्सरीचा फोन वाजला. काकीने उचलला. तिच्या फोनचा आवाज नेहमीच मोठा असायचा, मला बाजूला बसून सगळं ऐकू येत होतं.

"नमस्कार. मी ढाके, भुसावळ. पद्मिनीकाकी आहेत का?"

"मीच ती. बायल कशी आसा तुमची?"

पलीकडून अवघडलेला आवाज आला. "नाही... म्हणजे त्या काकी, ज्या पेजवर लिहितात. माझ्याशी रोज बोलतात त्या."

काकीने माझ्याकडे बघितलं. रागावली नाही, दचकलीही नाही. मातीचा हात पदराला पुसला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"घे. तुझोच आसा."

मी फोन कानाला लावला. बोलायचं काय, आणि कोणाच्या आवाजात?

"नमस्कार काका," मी म्हणाले. "मी वृषाली. पेजवर मी लिहिते. काही काकी सांगतात, काही... माझंच असतं."

"तुमचं वय काय?"

"बावीस."

ते हसले की त्यांना हुंदका आला, मला नक्की सांगता येत नाही. "मी तुम्हाला माझ्याहून मोठ्या समजत होतो."

"काका, मावशी..."

"तुम्ही म्हणाला होतात, तिला वास येईल. नाही आला. जळगावचं जोडपं डब्यातून फुलं घेऊन आलं. मी एकेक फूल तिच्या नाकाशी धरलं. काही नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात बऱ्याच जणांचं वास येणं आधीच गेलेलं असतं."

मी डोळे मिटून घेतले. "काका, मी तसं लिहायला नको होतं."

"अहो, ऐका तर." त्यांचा आवाज आता जवळ आल्यासारखा वाटला. "मी फूल खाली ठेवलं. ते दोघं दाराशी उभे, बसावं की जावं अशा विचारात. आणि पलंगावरून आवाज आला, 'कोण इला?' तिची ही भाषा मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. माझ्याशी ती कधी तशी बोललीच नाही. मी म्हटलं, पाहुणे आलेत. तर मला म्हणते, 'मगे उभो काय रवलंस? पाणी हाड.'"

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"मी धावत पाणी आणलं. मग चाळीसगावच्या बाई आल्या. मग आणखी कोणी. प्रत्येकाला तिने विचारलं, 'खंयसून इलात?' आणि उत्तर ऐकलं की, 'दमलात असतलात. जेवन जावा.' उशीला टेकून बसली हो ती! बोलावून घेतलेल्या सुनेने तीनदा भात लावला. पाहुणे जेवत नाहीत तोवर हिने घास घ्यायचा नाही, आणि त्यांच्याबरोबर घ्यायचा. चार घास, पाच घास. माझ्या घरात पंधरा माणसं पाटावर बसून मिलीबगच्या किडीवर काय मारायचं यावर वाद घालत होती आणि ही त्यांना वाढा वाढा म्हणत होती. कोणी फोटो काढला नाही. काढू नका असं मी म्हटलं नव्हतं, तरी कोणी काढला नाही."

"म्हणून कोणी लिहिलं नाही," मी म्हणाले.

"वर्षभर आमच्याकडे कोणी येत नव्हतं. म्हणजे मीच येऊ देत नव्हतो. तिला अशी कोणी बघू नये असं वाटायचं. रेल्वे कॉलनीतली माणसं हाक मारायची, मी खिडकी लावून घ्यायचो. आणि तिला, माझ्या इंदूला, फक्त कोणीतरी यायला हवं होतं." ते थांबले. मागून बारीक, ठसकेदार आवाज ऐकू येत होता. "थांबा, ती विचारतेय कोणाशी बोलतोय. फोन दे म्हणते."

खरखर झाली. मग एक म्हातारा श्वास.

"कोण गो?"

"मी वृषाली."

"खंयची?"

"कुडाळची, मावशी."

"अगो, मगे फोन काय करतंस?" ती म्हणाली. "जेवक ये."

फोन बंद झाला तेव्हा काकी माझ्यासमोर उभी होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली, जणू हे असंच होणार हे तिला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं का, हे मी पुढे कधी विचारलं नाही. ती फक्त म्हणाली, "जेवक बोलावल्यान तर जावक व्हया."

मी तोवर एकटी एवढ्या लांब कुठे गेले नव्हते. आई नको म्हणाली, बाबा गप्प बसले. काकीने येऊन दोघांना काय सांगितलं कोण जाणे, दिवाळीच्या आधी मी निघाले. कुडाळहून एक गाडी, कल्याणला उतरून दुसरी. पहाटे डोळा उघडला तेव्हा बाहेर केळीच्या बागा सरकत होत्या, मैलोन् मैल, आणि त्यांच्यावर धुक्याचा पातळ पट्टा. मला वाटलं, मी अजून त्या हिरव्या जाळीखालीच बसलेय आणि मोबाइलमधली एक खिडकी नुसती मोठी होत चाललीय.

ढाके स्टेशनवर आले होते. उंच, वाकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी मला ओळखलं नाही. मीच पुढे होऊन नाव सांगितलं. वाटेत ते म्हणाले, "एक सांगून ठेवतो. तुम्हाला बोलावलंय हे तिला आठवणार नाही. वाईट वाटून घेऊ नका." मग म्हणाले, "जळगावची ती दोघं दर रविवारी येतात आता. फुलं असोत, नसोत."

घराचं दार सताड उघडं होतं. आत पलंगावर एक गोरी, लहानखुरी बाई बसली होती, पांढऱ्या केसांचा अंबाडा नीट बांधलेला. पायांशी खिडकीत आमचं कलम उभं होतं. त्याला एक नवी पालवी होती, फूल नव्हतं.

मी चपला काढल्या आणि उंबऱ्याशी थांबले. येताना गाडीत मी खूप काही ठरवलं होतं. मी कोण, कुठून आले, पेज म्हणजे काय, काकी कोण, सगळं तिला समजेल अशा सोप्या शब्दांत. त्यातला एकही शब्द आठवेना.

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत फिरले, आणि त्यांना ते सापडलं नाही, हेही मला दिसलं. मग तिने पलंगावरची चादर हाताने साफ केली आणि माझ्यासाठी जागा केली.

"उशीर केलंस गो," ती म्हणाली. "ये. ताट कधीचा वाढून ठेवलंय."